कूपरस्टाउनचा वाद कसा घालावा: निवृत्त बेसबॉलपटू ‘हॉल ऑफ फेम’च्या लायकीचा आहे का, हे ठरवण्याची रीत

लू व्हिटकर हा डेट्रॉइट टायगर्सचा सेकंड बेसमन. १९७७ ते १९९५ अशी १९ वर्षं एकाच संघाकडून खेळला, २४४ होम रन मारले, २,३६९ हिट्स जमवल्या. २००१ साली हॉल ऑफ फेमच्या मतपत्रिकेवर त्याचं नाव पहिल्यांदा आलं आणि त्याला २.९ टक्के मतं पडली. पाच टक्क्यांच्या खाली गेलेलं नाव पत्रकारांच्या यादीतून कायमचं कटतं, तसं ते कटलं. डिसेंबर २०२५ मध्ये जेफ केंट हा दुसरा सेकंड बेसमन १६ पैकी १४ मतं घेऊन आत गेला. व्हिटकर बाहेर आणि केंट आत, हे बरोबर झालं का? याचं उत्तर ठामपणे देणारे खूप भेटतील. ते कसं काढलं हे सांगणारे कमी.

अमेरिकेतल्या मराठी घरांत पोरं लिटल लीग खेळायला लागली की असले वाद लवकरच जेवणाच्या टेबलावर येतात. क्रिकेटवर वाढलेल्या आईबाबांना वादाची हौस दांडगी असते, पण बेसबॉलमध्ये कशाला किती वजन द्यायचं ते ठाऊक नसतं. हा लेख त्यांच्यासाठी, आणि भारतात बसून रात्री-पहाटे मेजर लीग बघणाऱ्यांसाठीही.

आधी बघा, तो कोणत्या दाराशी उभा आहे

न्यू यॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन या छोट्या गावात १९३९ साली हॉल ऑफ फेमचं संग्रहालय उघडलं. खेळाडूला तिथे जायला दोन दारं आहेत.

पहिलं दार पत्रकारांचं. बेसबॉल रायटर्स असोसिएशनचं किमान दहा वर्षांचं सदस्यत्व असलेले पत्रकार मत देतात. खेळाडू किमान दहा मोसम खेळलेला हवा आणि निवृत्तीला पाच वर्षं झालेली हवीत. पत्रकाराने एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावांवर खूण करायची. आत जायला ७५ टक्के मतं लागतात. नाव दहा वर्षं यादीत राहू शकतं. पूर्वी ही मुदत पंधरा वर्षं होती, २०१४ मध्ये कमी केली. मतपत्रिका नोव्हेंबरमध्ये निघते आणि निकाल जानेवारीत लागतो.

दुसरं दार समितीचं. पत्रकारांच्या यादीतून सुटलेल्यांसाठी कालखंडानुसार समित्या बसतात. १६ जण असतात: हॉल ऑफ फेममधले माजी खेळाडू, क्लबचे अधिकारी, काही पत्रकार आणि इतिहासकार. समोर आठ नावं, निवडून यायला १२ मतं, आणि प्रत्येकाला फार तर तीन नावं देता येतात. इथे जरा कागद-पेन्सिल घ्या. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. म्हणजे सगळ्यांनी पुरती मतं दिली तरी चारांपेक्षा जास्त जण निवडूनच येऊ शकत नाहीत. केंटने १४ घेतल्यावर उरलेल्या सात जणांच्या वाट्याला फार तर ३४ मतं आली. कार्लोस डेल्गाडो नऊवर थांबला. उत्तेजकांच्या वादात अडकलेले बॅरी बॉण्ड्स आणि रॉजर क्लेमन्स पाचाच्याही खाली राहिले. नव्या नियमाप्रमाणे पाचापेक्षा कमी मतं मिळाली तर पुढच्या फेरीत नाव येत नाही, आणि पुन्हा तसंच झालं तर कायमचं बाद. १९८० नंतरच्या खेळाडूंची फेरी दर तीन वर्षांनी येते. म्हणजे बॉण्ड्सचं नाव २०३१ च्या आधी निघत नाही.

हे सगळं आधी माहीत हवं, कारण ‘तो लायक आहे का’ आणि ‘तो निवडून येईल का’ हे दोन वेगळे वाद आहेत. लोक अर्धा तास पहिला घालतात आणि मध्येच दुसऱ्यावर उडी मारतात. कोणता घालतोय ते सुरुवातीलाच ठरवा. या लेखात आपण पहिलाच घालतोय.

नाव घेण्याआधी पट्टी ठरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते वाद नासतो तो इथेच. आवडता खेळाडू मनात धरून पट्टी बनवली की ती नेमकी त्याच्या उंचीची बनते.

१९३६ च्या पहिल्या निवडणुकीत पाच जण आले: टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅग्नर, क्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन. कॉबला २२६ पैकी २२२ मतं होती. ‘हॉल लहान हवा’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हे पाच असतात. पण आज आत साडेतीनशेच्या आसपास मंडळी आहेत, त्यांत व्यवस्थापक, पंच आणि अधिकारीही आले. मेजर लीगमध्ये आजवर वीस हजारांहून जास्त खेळाडू खेळले, हे लक्षात घेतलं तर दार अजून अरुंदच म्हणायचं. पण फक्त रूथ आणि कॉब यांच्यासाठी ते कधीच नव्हतं. माझी पट्टी अशी: त्या जागेवर खेळणारा जो सरासरी हॉल ऑफ फेमर, त्याच्या आसपास हा पोचतो का? तुमची पट्टी यापेक्षा कडक असेल तर तीही चालेल, पण ती आधी सांगा आणि मग मोडू नका.

जुन्या लोकांची पट्टी सोपी होती: ३,००० हिट्स, ५०० होम रन किंवा पिचर असेल तर ३०० विजय. ती आता चालत नाही. राफेल पाल्मेरोकडे ३,०२० हिट्स आणि ५६९ होम रन आहेत, पण उत्तेजक चाचणीत सापडल्यामुळे २०१४ मध्ये तो ४.४ टक्क्यांवर येऊन यादीतून गळला. उलट सीसी सबाथिया २५१ विजयांवर २०२५ मध्ये पहिल्याच वर्षी आत गेला. आजचे पिचर पूर्वीइतक्या इनिंग्ज टाकतच नाहीत, तर ३०० विजय येणार कुठून?

त्याच जागेवरच्यांशी तुलना

कॅचरची तुलना फर्स्ट बेसमनशी करू नका. कॅचर दर डावात उकिडवा बसतो, फाउल बॉल अंगावर घेतो आणि त्याची गुडघेदुखी तिशीतच सुरू होते. त्याच्याकडून २,५०० हिट्स मागणं म्हणजे खेळ न कळणं. शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेस या जागांवर क्षेत्ररक्षण महाग, म्हणून बॅटिंगमध्ये थोडी सूट. फर्स्ट बेस, लेफ्ट फील्ड आणि नुसता बॅटिंग करणारा डीएच यांना सूट नाही. त्यांनी मारायलाच हवं.

एकूण बेरीज आणि शिखर

आता आकडे. रोजच्या बोलण्यात ज्याला ‘वॉर’ म्हणतात तो आकडा असं मोजतो: या खेळाडूऐवजी सहज मिळणारा एखादा बदली खेळाडू खेळवला असता, तर संघाचे किती विजय कमी झाले असते? बॅटिंग, धावणं, क्षेत्ररक्षण आणि खेळण्याची जागा, सगळं त्यात येतं. बेसबॉल रेफरन्स आणि फॅनग्राफ्स या दोन ठिकाणी तो वेगवेगळ्या पद्धतीने काढतात, त्यामुळे एकाच खेळाडूचे दोन आकडे दिसतात. वादात एकाच ठिकाणचे आकडे वापरा. समोरचा व्हिटकरसाठी एक आणि केंटसाठी दुसरं वापरत असेल तर तिथेच थांबवा.

नुसती एकूण बेरीज बघितली तर वीस वर्षं बरं खेळलेला माणूस सहा वर्षं अफाट खेळलेल्याच्या पुढे जातो. सँडी कोफॅक्सने ३० व्या वर्षी खेळ सोडला तेव्हा खात्यात फक्त १६५ विजय होते. तरी १९७२ मध्ये ३६ व्या वर्षी तो आत गेला, इतक्या लहान वयात दुसरा कोणी निवडून आलेला नाही. ही अडचण सोडवायला जे जॅफी यांनी ‘जॉज’ नावाची पद्धत काढली. कारकिर्दीचं एकूण वॉर आणि सर्वोत्तम सात मोसमांचं वॉर, या दोहोंची सरासरी. मग ती त्या जागेवरच्या हॉल ऑफ फेमर्सच्या सरासरीशी ताडायची. सेकंड बेससाठी ती सरासरी सुमारे ५७ आहे.

व्हिटकर आणि केंट, शेजारी शेजारी

बेसबॉल रेफरन्सचे आकडे घेऊ. व्हिटकर: एकूण ७५ च्या आसपास, सात वर्षांचं शिखर ३८ च्या आसपास, जॉज ५६.५. केंट: एकूण सुमारे ५५, शिखर ३६, जॉज साडेपंचेचाळीस. मोजणीसाठी तिसरा घ्या, शिकागो कब्जचा राइन सँडबर्ग, जो २००५ मध्ये आत गेला: एकूण ६८, जॉज ५७.६.

म्हणजे व्हिटकर सँडबर्गच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे आणि केंट दहा पावलं मागे. मग केंटच्या बाजूने काय? बरंच आहे. सेकंड बेसवर खेळताना त्याने ३५१ होम रन मारले, त्या जागेवरचा हा विक्रम आहे. २००० साली बॉण्ड्स त्याच्याच संघात असताना नॅशनल लीगचा एमव्हीपी (मोसमातला सर्वात मोलाचा खेळाडू) मात्र केंट झाला. त्याचा स्लगिंगचा आकडा (फटक्यांची ताकद मोजणारा) .५००, व्हिटकरचा .४२६. मग वॉरमध्ये तो मागे का? कारण क्षेत्ररक्षण. केंटला एकही गोल्ड ग्लव्ह (क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार) नाही, व्हिटकरला तीन आहेत. आणि दुसरं, बेसवर पोचणं. व्हिटकरने १,१९७ वेळा वॉक (चार चुकीचे चेंडू सोडून मिळणारा फर्स्ट बेस) घेतला आणि तो स्ट्राइकआउट झाला १,०९९ वेळा. वॉक स्ट्राइकआउटपेक्षा जास्त, हे आजच्या काळात दुर्मिळच. वॉकवर टाळ्या पडत नाहीत, पण फलंदाज आउट होत नाही, आणि बेसबॉलमध्ये संघाकडे आउट २७ च असतात.

व्हिटकरच्या विरोधातही बोलायला हवं, नाहीतर हा वाद नव्हे, वकिली झाली. त्याचं शिखर सरासरी हॉल ऑफ फेमरपेक्षा चांगलंच खाली आहे. एमव्हीपीच्या शर्यतीत तो कधी खरा दावेदार नव्हता. कारकिर्दीच्या उत्तरार्धात डावखुऱ्या पिचरसमोर त्याला बऱ्याचदा बसवायचे. हे सगळं मान्य करूनही माझं मत: व्हिटकर हो, केंट काठावर, आणि दोघांतला एकच घ्यायचा असता तर विचारायचं कारण नाही. त्याचा शेजारी शॉर्टस्टॉप ॲलन ट्रॅमेल आणि पिचर जॅक मॉरिस, दोघं समितीच्या दारातून २०१८ मध्ये आत गेले. व्हिटकरला २०१९ च्या डिसेंबरात समितीत सहा मतं मिळाली आणि त्यानंतर २०२२ आणि २०२५ मध्ये त्याचं नाव त्या आठांतसुद्धा नव्हतं.

मैदान आणि काळ वजा करा

लॅरी वॉकर कोलोरॅडो रॉकीजकडून दहा वर्षं खेळला. त्यांचं कूर्स फील्ड डेन्व्हरमध्ये, समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर. हवा विरळ, चेंडू लांब जातो, पिचरचा कर्व्ह नीट वळत नाही. २००२ पासून तिथे चेंडू दमट कपाटात ठेवायला लागले, इतकी ती तक्रार खरी होती. वॉकरची त्या मैदानावरची सरासरी, म्हणजे बॅटिंगच्या दर संधीमागे हिट्स, .३८१. विरोधक तेवढंच दाखवून मोकळे व्हायचे.

यासाठी ओपीएस प्लस बघा. मैदान आणि त्या वर्षाची लीग यांचा हिशेब घालून काढलेला आकडा. १०० म्हणजे सरासरी फलंदाज. वॉकरचा १४१. कूर्सची सगळी मलई काढून घेतल्यावरही तो सरासरीपेक्षा ४१ टक्के वरचा. वर सात गोल्ड ग्लव्ह. २०१४ मध्ये तो १०.२ टक्क्यांवर होता आणि २०२० मध्ये, शेवटच्या संधीला, ३९७ पैकी ३०४ मतं घेऊन आत गेला. गरज २९८ ची होती. मतदार बदलतात, आकडे वाचायची सवय बदलते. पिचरचा ईआरए म्हणजे नऊ इनिंग्जमागे त्याने दिलेले रन; त्याच्यासाठी हेच काम ईआरए प्लस करतं.

ज्यांना खेळूच दिलं नाही

१९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन आला तोवर कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगमध्ये प्रवेश नव्हता. तसा लेखी नियम नव्हता, मालकांचा आपसांतला समझोता होता. जॉश गिब्सन हा कॅचर निग्रो लीगमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये, खेळला आणि जानेवारी १९४७ मध्ये, रॉबिन्सनच्या पहिल्या सामन्याच्या तीन महिने आधी वारला. २०२४ मध्ये मेजर लीगने निग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदीत घेतले तेव्हा गिब्सनची सरासरी .३७२ ठरली आणि कॉब दुसऱ्या क्रमांकावर गेला. सॅचेल पेजला मेजर लीगमध्ये पहिला चेंडू टाकायला ४२ वं वर्ष उजाडावं लागलं.

आपल्याकडे पद्माकर शिवलकरांचं नाव निघालं की मुंबईकर अजून हळहळतात: प्रथम श्रेणीत ५८९ बळी आणि कसोटी एकही नाही. त्यांच्या आड बेदी होते, म्हणजे निदान एक स्पर्धक होता. गिब्सनच्या आड कोणी खेळाडू नव्हताच. म्हणून अशा खेळाडूच्या बाबतीत ‘एकूण किती’ हा प्रश्न बाजूला ठेवा. निग्रो लीगचे मोसम छोटे असत आणि नोंदीही तुटक. ‘दर सामन्याला किती’ आणि ‘त्याच्या काळातले त्याला काय मानत’ हे विचारा.

चारित्र्याचं कलम

नियमात खेळाडूची कामगिरी आणि क्षमता यांच्यासोबत सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य असे शब्द आहेत. इथे आवाज चढतात. सोयीनुसार भूमिका बदलू नये म्हणून माणसाला नव्हे, प्रकाराला नियम लावा. मी असे तीन गट करतो.

पहिला गट, उत्तेजकांचा पण बंदीच्या शिक्षा सुरू होण्याआधीचा. मेजर लीगमध्ये शिक्षेसह चाचण्या २००४ पासून आल्या. बॉण्ड्स, ७६२ होम रन आणि सात एमव्हीपी. क्लेमन्स, ३५४ विजय आणि सात साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार). पत्रकारांच्या शेवटच्या वर्षी, २०२२ मध्ये, बॉण्ड्स ६६ टक्क्यांवर आणि क्लेमन्स ६५.२ वर अडकला. मी या दोघांना मत देईन. लीगने डोळे मिटले होते, तेव्हाचे कमिशनर बड सीलिग स्वतः हॉल ऑफ फेममध्ये आहेत, मग शिक्षा फक्त खेळाडूंना का? बॉण्ड्सचा ७५६ वा होम रन ज्या चेंडूवर गेला तो चेंडू कूपरस्टाउनच्या संग्रहालयात आहेच, वर तारांकन कोरलेलं. चेंडू आत, माणूस बाहेर.

दुसरा गट, नियम लागू झाल्यावर पकडलेले. ॲलेक्स रॉड्रिग्ज, ६९६ होम रन, २०१४ चा अख्खा मोसम निलंबित. मॅनी रामिरेझ दोनदा सापडला. यांना मी मत देणार नाही. तुम्ही देत असाल तर पहिल्या गटालाही द्यावंच लागेल, एवढं लक्षात ठेवा.

तिसरा गट जुगाराचा. पीट रोझच्या ४,२५६ हिट्स हा आजही विक्रम आहे. व्यवस्थापक असताना स्वतःच्या संघावर पैज लावल्याबद्दल १९८९ मध्ये त्याच्यावर कायमची बंदी आली. सप्टेंबर २०२४ मध्ये तो वारला आणि मे २०२५ मध्ये कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी मृत व्यक्तींवरची बंदी उठवली. डिसेंबर २०२७ च्या समितीत त्याचं नाव येऊ शकतं. इथे दोन प्रश्न वेगळे ठेवा: खेळाडू म्हणून लायक? यात शंकाच नाही. खेळाच्या पायालाच हात घातला, त्याचं काय? यावर सभ्य माणसंही कायम भांडत राहतील.

दहाची मर्यादा विसरू नका

घरी लुटुपुटूची मतपत्रिका भरायची असेल तर खऱ्या नियमाने भरा: दहाच नावं. २०१३ मध्ये यादी इतकी गच्च होती की पत्रकारांनी एकालाही ७५ टक्क्यांपर्यंत नेलं नाही, आणि त्याच गर्दीत केनी लॉफ्टन, ६२२ चोरलेले बेस, ३.२ टक्क्यांवर पहिल्याच वर्षी गळला. लॉफ्टनचा खेळ कमी नव्हता, तो त्या गर्दीत झाकला गेला. म्हणून घरात वाद घालताना ‘हो की नाही’ झालं की ‘कोणाला काढून’ हेही विचारा. तिथे भलेभले गप्प होतात.

काही युक्तिवाद आणि त्यांचं काय करायचं

‘हॅरल्ड बेन्स आत आहे, मग हा का नाही?’ बेन्सचं वॉर ३८.७, पत्रकारांकडून कधी सात टक्केही मिळाले नाहीत, आणि २०१८ च्या समितीत १२ मतांवर तो आला. त्या समितीत त्याचे एकेकाळचे व्यवस्थापक टोनी ला रूसा आणि त्याच्या क्लबचे मालक होते. एक चूक झाली म्हणून ती किमान पात्रता होत नाही. बेन्सचं नाव निघालं की हसा आणि पुढे चला.

‘मोठ्या सामन्यात तो उभा राहिला.’ जॅक मॉरिसने १९९१ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात दहा इनिंग्ज टाकून एकही रन दिला नाही. अद्भुत. पण कारकिर्दीचा ईआरए ३.९०, निवडून आला तेव्हा आतल्या कुठल्याही पिचरपेक्षा जास्त. काठावरच्या माणसाला मोठा सामना आत ढकलू शकतो. काठापर्यंत त्याने स्वतःच्या पायांनी यायला हवं.

‘विचार करावा लागतो म्हणजे तो लायक नाही.’ हे ऐकायला रुबाबदार वाटतं. वॉकर आणि एडगर मार्टिनेझ, दोघांवर मतदारांनी दहा वर्षं विचार केला.

सरावासाठी एक

बस्टर पोझी. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा कॅचर, २०२१ नंतर निवृत्त, म्हणजे २०२७ च्या निवडीपासून पत्रकारांच्या दाराशी. हिट्स बरोबर १,५००. २०१२ चा एमव्हीपी, २०१०, २०१२ आणि २०१४ च्या तीन वर्ल्ड सिरीज. जॉज काढलं तर एकूण बेरीज सरासरी हॉल ऑफ फेमर कॅचरच्या खाली आणि सात वर्षांचं शिखर थोडं वर. विरोधक विचारतील की १,५०० हिट्सवर आजकाल कोण आत जातं. तुम्ही विचारा की कॅचरमध्ये असं शिखर किती जणांचं आहे, आणि फॅनग्राफ्सवर त्याचा आकडा का वाढतो तेही बघा; तिथे चेंडू अलगद झेलून पंचाकडून स्ट्राइक मिळवण्याच्या कौशल्याचेही गुण धरतात. माझं मत हो, पहिल्याच वर्षी. नाही म्हणणार असाल तर आधी तुमची पट्टी सांगा.